मुंबईची एकोणचाळीस मिनिटं

गिरगाव-दादरच्या जुन्या ज्योतिष्यांकडे १९५० च्या आधी मुंबईत जन्मलेल्या माणसाची पत्रिका मांडायला दिली, तर ते जन्मवेळ ऐकून लगेच गणिताला लागत नाहीत. आधी विचारतात, ‘‘टाइम कुठला? बाँबे टाइम की स्टँडर्ड?’’ जन्म १९४२ ते १९४५ मधला असेल तर आणखी एक फाटा फुटतो, कारण महायुद्धाच्या त्या काळात सरकारनं देशभरची घड्याळं तासभर पुढे केली होती. म्हणजे एकाच खाटेवर, एकाच क्षणी जन्मलेलं बाळ नोंदीत सकाळी सहाचं, सहा एकोणचाळीसचं किंवा सात एकोणचाळीसचं असू शकतं. पत्रिकेवर तुमचा विश्वास असो वा नसो, ज्योतिषबुवांचा प्रश्न मात्र चोख आहे. ‘किती वाजले?’ याचं उत्तर आभाळात लिहिलेलं नसतं, ते माणसांनी आपसांत ठरवलेलं असतं, हे त्यांना धंद्यापोटी ठाऊक असतं.

समाजशास्त्रात या जाणिवेवर एक अख्खी विचारसरणी उभी आहे. तिला सामाजिक रचनावाद म्हणतात. शाळामास्तरांच्या प्रशिक्षणात ‘ज्ञानरचनावाद’ येतो, तो नात्यातला असला तरी वेगळा. तिथे प्रश्न असतो की मूल आपलं ज्ञान कसं उभारतं. इथे प्रश्न असा की एखादी गोष्ट माणसांनीच घडवलेली असताना ती आपल्याला डोंगरासारखी, पावसासारखी, आधीपासून असलेली का वाटू लागते? पैसा, जात, राष्ट्र, प्रतिष्ठा, वेडेपण अशा कितीतरी गोष्टींना हा प्रश्न लावून झाला आहे. मी इथे तो वेळेला लावणार आहे, कारण मुंबईत, विशेषतः गिरणगावात, वेळ कशी घडली याचा कागदोपत्री माग निघतो. आणि वेळेइतकी ‘नैसर्गिक’ वाटणारी दुसरी गोष्ट शोधून सापडणार नाही.

सूर्य डोक्यावर आला की बारा, हा जुना हिशेब. पण तो प्रत्येक गावात वेगळ्या क्षणी येतो. मुंबईच्या रेखांशाप्रमाणे इथली वेळ ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे. मद्रासची पाच तास एकवीस मिनिटं. गावोगाव पायी किंवा बैलगाडीनं जाणाऱ्याला या फरकाचं काही पडलेलं नव्हतं. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली, रुळांचं जाळं देशभर पसरलं, आणि गावागणिक बदलणाऱ्या वेळेवर गाड्यांचं वेळापत्रक बसेना. रेल्वेनं मद्रासची वेळ धरली. मग मुंबईकराला स्टेशनात एक वेळ आणि स्टेशनाबाहेर दुसरी, अर्ध्या तासाच्या फरकानं. गाडी पकडायची तर मनातल्या मनात बेरीज करत घरून निघायचं.

१८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारनं हा दुहेरी कारभार मिटवायचं ठरवलं आणि सरकारी कचेऱ्यांमध्ये मद्रास टाइम लागू केला. शहर बिथरलं. आमच्या मुंबईत मद्रासचे बारा का वाजावेत, हा सवाल वर्तमानपत्रांतून आणि सभांतून घुमू लागला. तीन वर्षांपूर्वीच बांधून पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरच्या घड्याळानं कुठली वेळ दाखवायची, यावर विद्यापीठात आणि सरकारात जुंपली. घड्याळाच्या तबकडीमागच्या दिव्यांचा खर्च सरकार देणार, पण वेळ सरकारी दाखवली तरच. हा टॉवर प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावानं बांधवला. आई जैन, सूर्यास्तापूर्वी जेवणारी आणि दृष्टी गेलेली, म्हणून तिला घंटेवरून वेळ कळावी अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली तर दैव मोठं गमतीचं म्हणायचं: सूर्यास्त कळावा म्हणून उभ्या केलेल्या घड्याळावर, सूर्याची वेळ लावायची की सरकारची, यावर भांडण. दोनेक वर्षांत सरकारनं माघार घेतली आणि बाँबे टाइम जिंकला, तात्पुरता.

१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ आली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची. रेल्वे, टपाल, तारखातं, सरकारी कचेऱ्या सगळ्यांनी ती घेतली. त्यांची मुंबईतली घड्याळं एकोणचाळीस मिनिटं पुढे गेली. वंगभंगाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते आणि हवा तापलेली होती. कुणाला न विचारता वरून लादलेली वेळ मुंबई महापालिकेनं मानली नाही. फिरोजशहा मेहतांच्या त्या महापालिकेची घड्याळं बाँबे टाइमवरच चालत राहिली, आणि हा हट्ट थोडाथोडका नव्हे, स्वातंत्र्य पाहून मगच सुटला. जवळपास दोन पिढ्या या शहरात भेट ठरवताना ‘कुठल्या टाइमाप्रमाणे?’ हे विचारून घ्यावं लागे.

महापालिकेचा विरोध मानाचा होता. गिरण्यांमधला विरोध मात्र झोपेचा आणि उजेडाचा होता, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच जानेवारीत काही हजार गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम नाकारलं, गिरणीवर दगड भिरकावले. त्यांचं गणित मांडून पाहा. मुंबईत जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य उगवतो आजच्या घड्याळात सात वाजून दहा-बारा मिनिटांनी. बाँबे टाइममध्ये तीच वेळ साडेसहाच्या आसपास. गिरणीच्या दारावरच्या पाटीवरचा आकडा तोच ठेवून आतलं घड्याळ नुसतं पुढे सरकवलं, तर कामगाराला भर थंडीत एकोणचाळीस मिनिटं आधी, काळोखात, घराबाहेर पडावं लागतं. पगार तोच, तास तेवढेच, नियमही तोच. तरी पहाट गेली. मालकाच्या बाजूनं काहीच बदललेलं नसतं आणि कामगाराच्या बाजूनं दिवसाची सुरुवातच बदललेली असते. ‘वेळ ही मानण्यावर आहे’ हे वाक्य दिवाणखान्यात बोलायला बरं वाटतं. कुणाच्या मानण्यावर, हा पुढचा प्रश्न गिरणीच्या फाटकापाशी येतो.

समाजशास्त्रात हा विचार फार जुना नाही आणि अगदी नवाही नाही. एमिल दुर्खाइमनं १९१२ मध्येच म्हणून ठेवलं होतं की दिवस, आठवडा, महिना, वर्ष ही विभागणी सण, विधी, समारंभ यांच्या सामूहिक लयीतून येते. एकट्या माणसाला पंचांगाची गरज नाही. पण या विचारसरणीला नाव आणि आकार मिळाला १९६६ मध्ये, पीटर बर्गर आणि थॉमस लुकमान यांच्या ‘वास्तवाची सामाजिक रचना’ या अर्थाच्या पुस्तकानं. एक जन्मानं व्हिएन्नाचा, दुसरा स्लोव्हेनियाचा, दोघंही युरोपातून अमेरिकेत आलेले. आपल्याला लहानपणी पक्कं वाटलेलं जग पाहता पाहता कसं बदलू शकतं, हे त्यांच्या पिढीला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. माणसं काहीतरी करतात, ठरवतात, एखादी रीत पाडतात. पायंडा म्हणू त्याला. मग तो पायंडा माणसांपासून सुटा होतो, त्याला नियम, कचेरी, कागद, शिक्का मिळतो आणि तो बाहेरून आपल्यावर हुकूम चालवू लागतो. शेवटी पुढची पिढी त्यातच जन्मते. तिला तो पायंडा म्हणून दिसतच नाही, ‘असंच असतं’ म्हणून दिसतो. माणसानं केलेली वस्तू, वस्तूनं घडवलेला माणूस, असं हे चक्र.

हे चक्र पुरतं पाहायचं असेल तर आपला रविवार घ्यावा.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. पुढच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी धुराड्यांनी भरली. या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. सणावारी गिरणी बंद राही, पण ठरलेला वार नव्हता. काम बंद असलं तरी यंत्रं साफ करायला बोलावणं येईच. कामाचे तास सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, म्हणजे उन्हाळ्यात जास्त. कोकणातून, देशावरून आलेल्या माणसांना रविवारचं अप्रूप असण्याचं कारणही नव्हतं. गावाकडची लय वेगळी. कुठे सोमवारी बैल जुंपायचा नाही, कुठे अमावास्येला गवंडी-सुतार हत्यार धरत नाहीत, आठवडा मोजायचा तो बाजाराच्या दिवसापासून. विसावा त्यांनाही होता. तो मात्र साऱ्यांचा एकाच वारी नव्हता.

नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक, आणि स्वतः गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यातल्या मागण्या जवळून वाचण्यासारख्या आहेत. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार, कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय. आणि कामाची वेळ? सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत.

ही शेवटची मागणी पुन्हा वाचा. दिवसाचं एक टोक घड्याळाला बांधलेलं आहे आणि दुसरं सूर्याला. सकाळी मालकानं काळोखात ओढून नेऊ नये म्हणून घड्याळाचा आकडा हवा. संध्याकाळ मात्र अजून दिवेलागणीची, जुनीच. शेताच्या वेळेतून गिरणीच्या वेळेत चाललेला अख्खा समाज या एका ओळीत उंबरठ्यावर उभा दिसतो. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्पसननं १९६७ च्या एका गाजलेल्या निबंधात दाखवलं की इंग्लंडचे कामगार आधी कारखान्याच्या घड्याळाविरुद्ध भांडले, मग त्या घड्याळातल्या तासांसाठी भांडू लागले. भांडणाचा विषय बदलला याचाच अर्थ घड्याळ अंगवळणी पडलं. मुंबईतही तेच झालं. १८८४ मध्ये अर्धं घड्याळ, अर्धा सूर्य. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, सूर्यास्ताचं टोकच सुटलं आणि काम चौदा-पंधरा तासांवर गेलं. १९०६ मध्ये कुठलं घड्याळ, यावर तंटा. त्यानंतर तंटा फक्त तासांचा: १९११ च्या कायद्यानं कापडगिरण्यांत दिवसाला १२ तास, १९२२ च्या कायद्यानं आठवड्याला ६०, १९३४ मध्ये ५४, १९४६ मध्ये ४८. सूर्य कुणाच्या मागणीपत्रात परत आला नाही.

रविवारावर येऊ. मागणी सहा वर्षं लोंबकळत राहिली. एप्रिल १८९० मध्ये पुन्हा मोठी सभा झाली, दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याच्या सुट्टीची तरतूद आली. रविवार मागताना लोखंड्यांनी हा खंडोबाचा वार असल्याचा दाखला दिला, असं कामगार चळवळीत सांगितलं जातं. साहेबाचा वार चर्चचा, आपला जेजुरीचा. सरकारी कचेऱ्या आधीच रविवारी बंद असत, तेव्हा दुसरा कुठला वार मागितला असता तर मिळाला असता का, शंकाच आहे. नवी गोष्ट रुजवताना तिला जुन्याचा टेकू लागतो, हे चळवळीतल्या माणसांना समाजशास्त्राच्या आधी कळलेलं होतं.

इथपर्यंतचा भाग ठरवण्याचा. मग कायदा, मस्टर, शाळेची घंटा, पगाराचा हिशेब आला. मग दिनदर्शिकेवर लाल आकडा आला. आणि दोन-तीन पिढ्यांत लालबाग-परळच्या पोराला रविवार रक्तातच मिळाला. मटणाच्या दुकानापुढची रांग, चाळीच्या अंगणातलं क्रिकेट, जेवणानंतरची झोप, संध्याकाळी सातच्या सुमाराला पोटात येणारा सोमवारचा गोळा. तो गोळा खरा असतो. त्यामागे १० जून १८९० आहे हे माहीत नसलं तरी खरा असतो. सामाजिक रचनावादाचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो: माणसांनी घडवलेलं म्हणजे लटकं, मनाचे खेळ. तसं मुळीच नाही. गिरणी दगड-विटांची असते तितकाच रविवारही पक्का असतो, फक्त त्याच्या विटा वेगळ्या. त्या विटा म्हणजे मस्टर, कायदा, सवय आणि दुसराही हेच मानतो हा भरवसा.

बांधलेलं राखावंही लागतं. गिरणगावात वेळ राखायचं काम भोंगा करी. सात, साडेतीन, रात्रीचे बारा अशा तीन पाळ्या. भोंगा झाला की पूल, बोळ, चाळींचे जिने माणसांनी भरत. गिरणीशी संबंध नसलेला वाणी त्याच्यावर दुकान उघडी, पोरं त्याच्यावर शाळेला निघत. दहा बाय बाराच्या खोलीत गावकीतले पंधरा-वीस जण राहू शकत ते पाळ्यांच्या जोरावरच. रात्रपाळीचा सातला येऊन आडवा होई, तेव्हा पहिल्या पाळीच्या माणसाचं अंथरूण अजून ऊब धरून असे. खोलीत जागा नव्हती. पाळीनं तिचे दिवसाचे तीन भाग केले आणि जागा झाली. उशीर झाला तर फाटक बंद, खाडा लागला. फाटकावर बदली कामगार उभेच असत, कुणाचा खाडा पडतो याची वाट पाहत. एकाची चुकलेली पाच मिनिटं ही दुसऱ्याची रोजी.

या तीन पाळ्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांचं घड्याळ मात्र कुठल्याच कायद्यात नव्हतं. सातच्या पाळीचा डबा पहाटे, साडेतीनवाल्यांचं जेवण दुपारी, बाराला सुटणाऱ्यांसाठी झाकून ठेवलेलं ताट. पाळ्या तीन, चूल एक, बाई एक. गिरणी कामगारांचे तास ६० वरून ४८ वर आले म्हणून तिची एकही भाकरी कमी झाली नाही, आणि रविवारी तर जेवणारे सगळे घरीच. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा कुठे या बायकांना बँकेच्या कर्जासाठी का होईना, ‘काम करणाऱ्या’ म्हणून मोजलं गेलं. ‘कामाची वेळ’ ही रचना कुणी, कुणासाठी केली, हे पाहायचं असेल तर तिच्या बाहेर कोण राहिलं ते पाहावं. रचनावादाचा मला वाटणारा खरा उपयोग हाच.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि भोंगे थांबले. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कितीतरी गिरण्या पुन्हा धड सुरू झाल्या नाहीत. त्यांच्याबरोबर फाटकावरच्या चहाच्या टपऱ्या, पगाराच्या दिवशी दारात उभा राहणारा व्याजाचा पठाण, खाणावळी, सगळं विस्कटलं. बर्गर-लुकमान म्हणतात की सामाजिक वास्तव रोज जपावं लागतं, जपणारे हात थांबले की ते ढासळतं. परळला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

उलट बाजूही पाहू. घडवलेली प्रत्येक गोष्ट रुजतेच असं नाही. आपल्या देशाचं स्वतःचं राष्ट्रीय कॅलेंडर आहे, हे तुम्हाला शाळेत कधीतरी सांगितलं असेल. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तीस वेगवेगळी पंचांगं देशात चालतात म्हणून एक शास्त्रशुद्ध शक-दिनदर्शिका तयार झाली आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, ती अमलात आली. राजपत्रावर ती छापली जाते, आकाशवाणीनं ती सांगितली. आणि आज राष्ट्रीय दिनांक काय, हे विचारलं तर शंभरातला एक सांगणार नाही. सरकार मागे, शास्त्र मागे, स्वातंत्र्याची नवलाई मागे, तरी नाही. कारण तिच्यावर कुणाचा पगार होत नाही, शाळेला सुट्टी मिळत नाही आणि गणपतीही येत नाही. त्यासाठी घरात काळबादेवीच्या निर्णयसागरचं पंचांग होतंच, पुढे १९७३ पासून जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ भिंतीवर आलं, ज्यात इंग्रजी तारीख, तिथी, एकादशी, सुट्टी एकाच चौकोनात गुण्यागोविंदानं नांदतात.

तिथीही काही आभाळातून जशीच्या तशी उतरत नाही. कोकणातली काही घराणी टिळक पंचांग पाळतात. नक्षत्रचक्राचा आरंभबिंदू कुठे धरायचा याचं त्यांचं गणित वेगळं, त्यामुळे काही वर्षी अधिक महिना वेगळा पडतो. अशा वर्षी या घरांत गणपती बसून, विसर्जन होऊन जातात, आणि महिन्याभरानं लालबागला मांडव गजबजतो. चंद्र एकच, चतुर्थ्या दोन. पण त्या घरात जाऊन ‘तुमची चतुर्थी खोटी’ म्हणून पाहा.

जगात याहून धाडसी प्रयोग झाले. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये सात दिवसांचा आठवडा मोडून दहा दिवसांचा केला. विवेकाला धरून होता तो. पण सातव्याऐवजी दहाव्या दिवशी विसावा मिळणार हे कामकऱ्याला लगेच कळलं. बारा-तेरा वर्षांत प्रयोग गुंडाळावा लागला. सोव्हिएत रशियानं १९२९ मध्ये पाच दिवसांचा आठवडा काढला. यंत्रं कधीच थांबू नयेत म्हणून कामगारांचे पाच गट, प्रत्येकाला एक रंग, प्रत्येक रंगाची सुट्टी वेगळ्या दिवशी. हिशेबानं सुट्ट्या वाढल्या. फक्त नवऱ्याचा रंग पिवळा आणि बायकोचा हिरवा असला तर दोघं एका दिवशी घरी नसत. हा प्रयोगही टिकला नाही. पुढे सहा दिवसांचा करून पाहिला आणि १९४० मध्ये मुकाट सातावर आले.

आता एक आक्षेप घ्यायलाच हवा, कारण या विचारसरणीच्या नावाखाली पुष्कळ उथळ बोललं जातं. सगळंच माणसांनी घडवलेलं, मग उद्या ठरवलं तर काहीही बदलेल, असं नसतं. सूर्य ठरावानं उगवत नाही. आजही मुंबईत खरी मध्यान्ह बाराला होत नाही, वर्षातले बहुतेक दिवस साडेबाराच्या पुढे होते. घड्याळ काहीही म्हणो. रात्रपाळी कितीही वर्षं केली तरी शरीर दुपारच्या झोपेला रात्रीची झोप मानत नाही. आसामच्या चहाच्या मळ्यांत आजही ‘बागान टाइम’ चालतो, प्रमाण वेळेच्या तासभर पुढचा, कारण तिथे सूर्य लवकर उगवतो आणि पानं उजेडातच खुडावी लागतात. तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी १९९९ मध्ये अख्खं पुस्तक लिहून विचारलं की घडवलेलं म्हणता, पण नेमकं काय घडवलेलं? त्यांचा मुद्दा असा की जे कुणालाच अटळ वाटत नाही ते घडवलेलं आहे हे सांगण्यात हशील नाही. महापालिका माणसांनी काढली, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ कशाला हवा? जे अटळ वाटतं, ज्यावर कुणी प्रश्नच विचारत नाही, तिथे ही दृष्टी कामाची.

म्हणून शेवटी पुन्हा रविवार, कारण तो आता अटळ राहिलेला नाही. फिनिक्स मिल, कमला मिल ही नावं उरली, आत मॉल, हॉटेलं आणि परदेशी ग्राहकांच्या दिवसाप्रमाणे जागणारी ऑफिसं आली. दादरला सोमवारी दुकानं बंद, हे जुन्या दादरकराला पाठ असे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा आला आणि दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवायला मोकळीक मिळाली. दुकानाला सुट्टी नको, माणसाला हवी, हे त्यामागचं तत्त्व. कागदावर ते रास्तच आहे. पण मॉलमधल्या पोरीचा वीकली ऑफ मंगळवारी, तिच्या नवऱ्याचा गुरुवारी, मुलाची शाळा रविवारी बंद, ही गोष्ट आपण सोव्हिएत रशियाच्या रंगांच्या रूपात एकदा वाचली आहे. लोखंड्यांनी सुट्टीबरोबर एक सामायिक दिवस मिळवला होता. सुट्टी वाटून देता येते, सामायिक दिवस वाटला की संपतो. दुकान रविवारी उघडं असणं ही गिऱ्हाइकाची सोय आहे आणि तिची किंमत गिऱ्हाईक देत नाही, हे माझं मत.

ही वेळही कुणीतरी ठरवलेलीच आहे आणि ठरवणाऱ्यांत आपण गिऱ्हाईक म्हणून बसलेले आहोत. २०१७ चा कायदा झाला तेव्हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांतल्या प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी त्यानं बंधनकारक केली. त्याहून लहान दुकानातला पोऱ्या मालकाच्या मर्जीवर सोडला. पुढच्या रविवारी खरेदीला गेलात तर काउंटरमागच्या माणसाला त्याच्या सुट्टीचा वार विचारा, आणि त्या वारी घरी कोण असतं तेही विचारा.